तीन डिसेंबरचं गुलाबाचं फूल

शनिवारी दुपारची डहाणू लोकल पकडून बोईसरला ताईकडे गेलो. महिन्यातून एकदा तरी जातोच. मुंबईत भाड्याच्या खोलीत मॅगी खाऊन दिवस काढणाऱ्या माणसाला ताईच्या हातचं जेवण किती प्रिय असतं ते वेगळं सांगायला नको. भाचा चौथीत आहे. दारातच विचारलं, "काय रे, शाळा काय म्हणतेय?" तर साहेबांनी चपलाही काढू दिल्या नाहीत, लगेच बातमी दिली.

"मामा, आमच्या वर्गात एक दिव्यांग आहे!"

"आमच्या वर्गात माकड शिरलं होतं" हे सांगताना मुलांचा जो स्वर लागतो ना, अगदी तोच.

मग खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळी गोष्ट कळली. ३ डिसेंबरला शाळेत जागतिक दिव्यांग दिन झाला. प्रार्थनेनंतर भाषण. मग 'अनुभव' म्हणून खेळ : डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं, एक पाय बांधून पळायचं. पोरं धडपडली, हसली, पहिल्या तिघांना बक्षीस मिळालं. शेवटी याच्या वर्गातल्या एका मुलीला स्टेजवर बोलावलं. तिच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. तिला गुलाबाचं फूल आणि रंगपेटी दिली आणि सगळ्या शाळेला उभं राहून टाळ्या वाजवायला सांगितलं.

ही मुलगी पहिलीपासून याच्याच वर्गात आहे. २ डिसेंबरपर्यंत तिची ओळख काय होती? गणितात पहिली येते आणि लगोरीत चिडीचा डाव खेळते. ४ डिसेंबरपासून तिची ओळख बदलली. आता वर्गातली मुलं तिला "ए दिव्यांग!" अशी हाक मारतात. मागून मारलेली हाक तिला ऐकू येत नाही. मग कागदाचा बोळा फेकून मारायचा. तिने मागे वळून पाहिलं की एक पॉइंट.

"माझे चार झाले," भाचा म्हणाला.

मला राग आला, आणि तो भाच्यावर आला नाही. नऊ वर्षांच्या पोराला आपण जे शिकवतो तेच ते शिकतं. त्या दिवशी शाळेने शिकवलं की ही मुलगी वेगळी आहे, स्टेजवर उभं करून बघण्यासारखी आहे. मुलांनी धडा चोख पाठ केला!

म्हणून आज जरा कडक लिहिणार आहे. शाळांमधले असले एक दिवसाचे कार्यक्रम बंद करा. 'दिव्यांगांबद्दल जाणीव' वगैरे जे काही आपण समजतो ते यातून होत नाही, उलट बिघडतं. "काहीच नसण्यापेक्षा एवढं तरी आहे ना?" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर आहे, नाही. इथे काहीच नसणं बरं होतं. दोन डिसेंबर बरा होता.

आधी स्वतःबद्दल सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कोण लागून गेला शहाणा.

मी शाळेत असताना आमच्या वर्गात एक मुलगा एका पायाने लंगडत चालायचा. पोलिओ होता की जन्मापासूनच काही होतं, कोण जाणे. आम्ही कधी विचारलंच नाही. सातवीत इतिहासाच्या तासाला तैमूरलंगचं नाव निघालं. १३९८ साली दिल्लीवर चालून आलेला. सरांनी 'लंग' या शब्दाचा अर्थ सांगितला आणि मी, हो मीच, मागच्या बाकावरून हळूच त्या मुलाचं बारसं केलं. दहावीपर्यंत तो तैमूरच राहिला. तो हसायचा. आम्हाला वाटायचं, त्याला पण मजा येते.

मागच्या वर्षी पालघर स्टेशनात अपंगांच्या डब्याच्या दारातून कुणीतरी हात केला. "काय इंजिनियर, ओळख आहे का?" तोच होता. मी पण हात केला, हसलो, आणि तोंड उघडलं तर त्याचं नावच आठवेना. तोंडात आलं ते तैमूर. गिळलं. "अरे... तू!" एवढंच म्हणालो. गाडी सुटली.

सहा वर्षं एका वर्गात बसलो आम्ही. त्याला खेळायला घ्यायचं कसं, त्याला घाई असेल तर जिन्यात काय करायचं, चिडवलं तर ते चिडवणं कुठे संपतं आणि छळ कुठे सुरू होतो, यातलं एक अक्षर आम्हाला कुणी शिकवलं नाही. आम्हाला प्रकाशाचं अपवर्तन शिकवलं. ते मी विसरलो.

आता मुद्द्याकडे येतो.

पहिला मुद्दा, ती डोळ्यांवरची पट्टी. पाच मिनिटं पट्टी बांधली की मुलाला कळतं काय? काळोख, भीती आणि धडपड. ते आंधळेपण नव्हे, ती आंधळेपणाची पहिली पाच मिनिटं आहेत. पांढरी काठी कशी वापरायची, आवाजावरून दिशा कशी धरायची, हे वर्षानुवर्षं शिकून जो माणूस एकटा विरारला गाडी बदलतो, त्याचं जगणं त्या पट्टीत कुठे आहे? अमेरिकेत एरिएल सिल्व्हरमन नावाच्या संशोधक बाईंनी (त्या स्वतः अंध आहेत) सहकाऱ्यांबरोबर नेमका हाच प्रयोग तपासला. दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. पट्टी बांधून फिरवलेल्या लोकांना अंध माणसांबद्दल सहानुभूती वाटू लागली खरी, पण अंध माणूस नोकरी करू शकेल, स्वतंत्र राहू शकेल यावरचा त्यांचा विश्वास कमी झाला. म्हणजे कीव वाढली आणि किंमत घटली. आपल्याला हेच हवं होतं का?

दुसरा मुद्दा, ते गुलाबाचं फूल. त्या मुलीने काय केलं म्हणून टाळ्या वाजवल्या? गणितात पहिली आली म्हणून वाजवल्या असत्या तर मीही वाजवल्या असत्या. तिने काहीच केलं नव्हतं. तिला कमी ऐकू येतं, एवढंच. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं, सांगलीच्या सचिन खिलारीने २०२४ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक आणलं. त्यांना टाळ्या द्याव्यात, त्यांनी त्या कमावल्यात. पण शाळेत प्रत्येक वेळी हीच उदाहरणं दिली की मुलांच्या डोक्यात दोनच खाने तयार होतात : एक बिचारा आणि दुसरा महापराक्रमी. मधला साधा माणूस, म्हणजे चिडीचा डाव खेळणारी, कधी कंटाळणारी, कधी नापासही होणारी मुलगी, हिला कुठल्या खान्यात टाकायचं?

तिसरा मुद्दा जरा नाजूक आहे. शब्द बदलले म्हणजे काम झालं, अशी आपल्याकडे समजूत आहे. अपंग म्हणू नका, दिव्यांग म्हणा. डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी हा शब्द सुचवला. पुढे तो सरकारी कागदांवर आला. आपल्या राज्यात तर २०२२च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागच झाला. अपंगांच्या काही संघटनांनी या शब्दाला तेव्हाच विरोध केला होता. आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला हक्क द्या, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणतो, शब्द कुठलाही घ्या. पण बोईसरच्या चौथीच्या वर्गाने त्या दिव्य शब्दाची शिवी करायला किती दिवस घेतले? एक! नजर तीच राहिली तर शब्द कितीही धुतला तरी परत मळतो.

आणि आपल्या भाषेचा खजिना तरी बघा. वासरात लंगडी गाय शहाणी. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. या म्हणी आपण परीक्षेला पाठ करतो, वाक्यात उपयोग करतो, दोन मार्क घेतो. या म्हणी पुस्तकातून काढून टाका असं मी म्हणत नाही. भाषा अशी खरवडून निघत नाही, आणि मला म्हणी आवडतात. पण म्हण शिकवताना मास्तरांनी एक प्रश्न विचारायला काय हरकत आहे? "ही म्हण आपल्या वर्गातल्या एखाद्याला ऐकताना कशी वाटेल रे?" पाच मिनिटांचं काम. ३ डिसेंबरच्या भाषणापेक्षा ते जास्त कामाचं ठरेल.

आता थोडं माझ्या धंद्यातलं बोलतो, मला तेवढंच येतं :)

पहिल्या नोकरीत आम्ही एक फॉर्म बनवला होता. शेवटी 'सबमिट'चं झकपक बटण, पण नुसतं चित्र. एका अंध वापरकर्त्याची तक्रार आली की फॉर्म पूर्ण करताच येत नाही. त्यांचा स्क्रीन रीडर त्या जागी फक्त "बटण" एवढंच बोलायचा. कसलं बटण ते कळायला मार्ग नाही. आमच्या टीममधली पहिली प्रतिक्रिया काय असावी? "अंध माणूस कशाला हा फॉर्म भरेल?" दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. चित्राला नाव द्यायचं, बस्स. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे नियम १९९९ सालीच प्रसिद्ध झालेत. मी चार वर्षं इंजिनियरिंग केलं, चौसष्ट की किती विषय पास झालो, पण हे नियम आहेत हेच मला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बग त्या माणसात नव्हता, आमच्या फॉर्ममध्ये होता. जिना आहे आणि उतार नाही, तर बग इमारतीत आहे. बाई फळ्याकडे तोंड करून शिकवतात आणि ओठ बघून समजून घेणाऱ्या मुलीला काही कळत नाही, तर बग शिकवण्यात आहे. मुलांना शिकवायचंय ते हे. दया करायला शिकवू नका, बग शोधायला शिकवा. मुलं त्यात आपल्यापेक्षा हुशार असतात.

तारापूरसारख्या ठिकाणी तर हे आणखीच सोपं आहे. आपल्याकडे अणुऊर्जा केंद्र १९६९पासून आहे, शेजारी एवढी मोठी एमआयडीसी, जानेवारी २०२०चा स्फोट बोईसरकर विसरलेले नाहीत. वर डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८पासून भूकंपाचे धक्के बसू लागले ते वेगळंच. म्हणजे आणीबाणीच्या रंगीत तालमी आपल्या पोरांना नव्या नाहीत. मग वर्गाला हा प्रश्न द्या : सायरन वाजला, हिला ऐकू आला नाही, तर काय करायचं? धक्का बसला, बाकाखाली शिरा म्हणाले, आणि व्हीलचेअरवरचा मुलगा बाकाखाली जाऊ शकत नाही, तर काय करायचं? आणि हा प्रश्न तिच्या पाठीमागे नको, तिलाच गटात घेऊन सोडवा. तिला सगळ्यात जास्त माहिती असणार. यात कुणी कुणावर उपकार करत नाही. उद्या एमआयडीसीत कुणाच्या बाबांचा कान किंवा बोटं गेली तर हीच उत्तरं त्यांच्याही उपयोगाची आहेत. अपंगत्व 'त्यांचं' नसतं, रांगेत आपण सगळेच आहोत. म्हातारपण तर कुणाला चुकलेलं नाही.

"हे सगळं शाळेचं काम आहे का?" असं विचारणाऱ्यांसाठी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, लागू एप्रिल २०१७पासून. १९९५च्या जुन्या कायद्यात सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याचं कलम ३९ म्हणतं की शाळा-कॉलेजच्या पातळीवर अपंगत्व आणि अपंगांचे हक्क याबद्दल प्रबोधन करायचं, आणि हे हक्क अभ्यासक्रमात येतील हे सरकारने बघायचं. अभ्यासक्रमात, मंडळी! प्रार्थनेनंतरच्या अर्ध्या तासात नव्हे. २०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात २९ लाखांवर अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. एवढी माणसं वर्षातून एकच दिवस जगतात का?

आता समोरून येणारे आक्षेप. ताईच्या सोसायटीत रात्री जेवणानंतर हा विषय काढला तेव्हा सगळे ऐकून झाले.

एक काका म्हणाले, "अशी मुलं वर्गात असली की बाकीच्यांचा अभ्यास मागे पडतो." काका, ती गणितात पहिली येते. आणि बाईंनी वर्गाकडे तोंड करून, सावकाश, फळ्यावर लिहून शिकवलं तर फायदा एकट्या तिचा होतो का? मागच्या बाकावरच्या पन्नास पोरांचाही होतो.

एक काकू म्हणाल्या, "त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा असतात की." असतात, आणि काही मुलांना त्यांची गरजही असते. खुणांची भाषा बोलणाऱ्या मुलाला ती बोलणारे सवंगडी लागतात, हे मला मान्य आहे. पण तो निर्णय मुलाच्या गरजेवरून व्हावा, आमच्या पोरांनी बोळे मारले म्हणून नको. या मुलीच्या आईने आता मुंबईतल्या शाळांची चौकशी सुरू केलीय. त्याला 'वेगळी शाळा' म्हणत नाहीत, हाकलणं म्हणतात.

तिसरा आक्षेप एका निवृत्त गुरुजींचा, आणि तो खरा आहे. "अरे, एका शिक्षकाकडे किती कामं द्याल? जनगणना, निवडणूक, खिचडी, आता हे." गुरुजी, शंभर टक्के कबूल. प्रशिक्षण न देता, विशेष शिक्षक न देता सगळं वर्गशिक्षकाच्या गळ्यात मारणं हा अन्यायच आहे आणि त्याबद्दल सरकारशी भांडलंच पाहिजे. पण मी मागतोय ते बरंचसं फुकटात होणारं आहे. बहिऱ्या माणसाशी बोलताना समोर या, तोंड झाकू नका. अंध माणसाचा हात धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, तो धरेल. व्हीलचेअरला न विचारता हात लावू नका. मदत हवी का ते विचारा, आणि तो "नको" म्हणाला तर ऐका. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश सरकारी संस्थेने २०१८ साली तीन हजार शब्दांनी सुरू केला, २०२१पर्यंत तो दहा हजारांवर गेला. व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. रोज एक खूण, वर्षाला दोनशे. मुलांना तर ही गुप्त भाषाच वाटेल, शिक्षकांना आवरणं कठीण जाईल!

आणि खेळ. अंधांचं क्रिकेट बघा कधीतरी. चेंडूत छर्रे असतात, तो वाजतो. गोलंदाजी खालून हात फिरवून करायची. पूर्ण अंध फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट धरतात. त्याला कुणी चिडी म्हणत नाही, तो नियम आहे. भारताने त्याचा टी-ट्वेंटी विश्वचषक २०१२, २०१७ आणि २०२२ असा तीनदा जिंकलाय. आता आमच्या लंगडीचे, लगोरीचे नियम सगळ्यांना खेळता येतील असे बदला, असा प्रकल्प चौथीला दिला तर? गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच लिहून ठेवलंय की नुसतं शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत, बरोबरीच्या नात्याने एकत्र काम करावं लागतं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा लागतो. स्टेजवर ती आणि खाली आम्ही टाळ्या वाजवतोय, यात बरोबरी कुठे आहे?

हे सगळं परदेशी फॅड आहे असं कुणाला वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक आपल्याच जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ला बोर्डीत काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात, शाळेत येत नाहीत, हे पाहिल्यावर त्यांनी मुलांना नावं ठेवली नाहीत. कुरणात शाळा नेली. कुरणशाळा! मूल शाळेत बसत नसेल तर बदलायचं शाळेने, हे आपल्याकडे तेव्हाच करून दाखवलंय. दुसरी गोष्ट वारीतली. हातापायांनी अधू असलेला कूर्मदास पैठणहून सरपटत पंढरीला निघाला. लऊळला पोचल्यावर एकादशी गाठता येणार नाही हे त्याला कळलं. कथा सांगते की मग विठ्ठलच लऊळला आला. देवाने त्याला "बिचारा" म्हणून फूल पाठवलं नाही. उठून गेला.

असो. फार झालं. रविवारी संध्याकाळी निघायच्या आधी भाच्याला घेऊन गच्चीवर गेलो. त्याला तैमूरची गोष्ट सांगितली, सगळी, माझ्या नावासकट. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी तिच्याशी बोलू कसा?" म्हटलं, "समोर जा. तिला तुझं तोंड दिसेल असा उभा राहा. आणि तिच्या नावाने हाक मार."

"आणि माझे चार पॉइंट?"

मला काही सुचलं नाही. म्हटलं, "ते कसे परत करायचे ते तू ठरव. मला माझे अजून करता आलेले नाहीत."

गाडीत बसून ताईसाठी मुख्याध्यापकांना द्यायचा एक अर्ज लिहिलाय. मागण्या चारच : कार्यक्रम बंद, मुलांना वागण्याचे साधे नियम वर्षभर, आणीबाणीच्या तालमीत तिचा विचार, आणि त्या वर्गाशी या आठवड्यातच बोलणं. सोमवारी ताई तो घेऊन जाणार आहे, सोबत आणखी तीन पालक तयार आहेत. ते काकासुद्धा सही करतो म्हणालेत. उत्तर आलं की सांगेन.

आणि हो, घरी आल्यावर दहावीचा ग्रुप फोटो शोधून काढला. मागे सगळ्यांची नावं आहेत. दुसऱ्या रांगेत, डावीकडून पाचवा. नाव मिळालं. आता फोन नंबर शोधतोय.